नजरबंदी नव्हे, हातचलाखी : दृष्टिहीनांसमोरील जादूच्या प्रयोगांविषयी

मराठीत जादूच्या खेळासाठी दोन जुने शब्द आहेत : नजरबंदी आणि हातचलाखी. पहिला शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी बोलतो, तर दुसरा करणाऱ्याच्या हातांविषयी. ज्या सभागृहात पाहणारे कोणीच नाही, तेथे जादू होऊ शकते काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्यासमोर उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे शिकावयास मिळाले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावे, या हेतूने हे लेखन करीत आहोत.

विद्यालयाच्या विज्ञान मंडळाचा जुना उपक्रम आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. रिकाम्या हातातून विभूती कशी निघते, जिभेवर जळता कापूर कसा ठेवता येतो, याची प्रात्यक्षिके करावयाची आणि नंतर त्यामागील कारण उलगडून सांगावयाचे. हा कार्यक्रम घेऊन आम्ही एका अंधविद्यालयात गेलो. रंगीत रुमाल, रिकामी टोपी, कापून पुन्हा जोडली जाणारी दोरी, असे नेहमीचे साहित्य बरोबर होते. मुलांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. शिक्षकांनी टाळ्या वाजविल्या तेव्हा त्यांनीही वाजविल्या. पहिल्या रांगेतील एका मुलाने शेजारच्याला हळूच विचारले, "झालं का?"

कार्यक्रमात रंग भरावा म्हणून आमच्यापैकी एकाने एका मुलाकडून रुपयाचे नाणे मागून घेतले, मेजावर ठेवले आणि काही क्षणांनी त्याच्या हाती पाच रुपयांचे नाणे दिले. मुलाने ते चाचपले आणि म्हणाला, "मला दिसत नाही, म्हणून तुम्ही बदललंत. यात जादू काय?" या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. परतीच्या प्रवासात तोच प्रश्न सोबत होता. पुढील सर्व विचार त्यातूनच सुरू झाला.

जादूचा पाया डोळा नसून अपेक्षा आहे. मन सतत पुढचा अंदाज बांधत असते. अंदाज एक आणि अनुभव दुसरा, असे झाले की विस्मय वाटतो. अंदाज बांधण्याचे हे काम स्पर्शातूनही तितकेच चालते. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्पांतिये यांनी १८९१ मध्ये वर्णिलेला एक भ्रम याची साक्ष देतो. सारख्याच वजनाचे दोन डबे घ्यावेत, एक लहान आणि एक मोठा. उचलून पाहता लहान डबाच जड वाटतो. वजन सारखे आहे हे ठाऊक झाल्यावरही तो जडच वाटत राहतो. केवळ हाताने आकार जाणणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींनाही हाच अनुभव येतो. म्हणजे फसवणूक डोळ्यांची होत नाही. मोठी वस्तू जड असणार, या मनातल्या हिशेबाची होते.

हे ध्यानी आल्यावर आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरविली : प्रयोग असा असावा, जो समोरच्याला दृष्टी असती तरीही चकित करून गेला असता. ज्या प्रयोगाचे यश केवळ समोरच्याला न दिसण्यावर उभे आहे, ती जादू नव्हे. तो दुसऱ्याच्या उणिवेचा घेतलेला फायदा होय. या कसोटीवर उतरलेले तीन प्रयोग येथे सांगतो.

पहिला स्पंजच्या चेंडूंचा. सहभागी मुलाच्या दोन्ही हातांत एकेक मऊ चेंडू देऊन ते चाचपू द्यावेत. मग दोन्ही परत घेऊन, त्यातील एकच चेंडू त्याच्या मुठीत देत आहोत असे सांगावे. प्रत्यक्षात दोन्ही चेंडू एकत्र दाबून दिलेले असतात. स्पंज दाबला जातो, त्यामुळे घट्ट मुठीत दोन चेंडू एकच असल्यासारखे भासतात. आता मुलाने मोकळ्या हाताने जादूगाराचे दोन्ही हात चाचपावेत. ते रिकामे! मूठ उघडताच दोन चेंडू फुलून बाहेर येतात. डोळस माणसाच्या मुठीतही हा प्रयोग असाच फसवतो, म्हणून तो न्याय्य आहे.

दुसरा प्रयोग देवळालीच्या एका शाळामास्तरांची देणगी आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य जोडून चार अंक करावेत. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. आम्ही आरंभीच एक बंद पाकीट मुलांच्या हाती देतो. मुले टेलर फ्रेमवर किंवा मनात वजाबाकी करतात. शेवटी पाकीट उघडून ब्रेलमध्ये लिहिलेली तीच संख्या ती स्वतःच्या बोटांनी वाचतात. येथे जादूगाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही.

तिसऱ्या प्रयोगात भूमिका बदलतात. एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी कापडी पिशवीत ठेवावीत. एकाने त्यातील कोणतेही एक नाणे घेऊन अर्धा मिनिट घट्ट मुठीत धरावे आणि परत टाकावे. दृष्टिहीन जादूगार लगेच पिशवीत हात घालून नेमके तेच नाणे काढतो. कारण साधे आहे : धातू उष्णता चटकन घेतो, त्यामुळे मुठीतले नाणे इतरांहून उबदार असते. विलंब झाल्यास ऊब निघून जाते, आणि कडक उन्हाळ्याच्या दुपारी, सर्वच नाणी तापलेली असताना, प्रयोग फसतो.

प्रयोगांइतकीच महत्त्वाची असते त्यांची रीत. कोणाच्याही हाताला स्पर्श करण्यापूर्वी विचारावे. जे घडत आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. पार्श्वसंगीत टाळावे, कारण वस्तूचा आवाजही पुरावा असतो. मंचावरून सर्वांसाठी एक खेळ करण्याऐवजी पाच-सहा जणांच्या गटात बसावे, म्हणजे प्रत्येक हाताला पाळी मिळते.

जादूच्या इतिहासात आंधळेपणाचे सोंग पुष्कळ झाले. थोरले पी. सी. सरकार (१९१३–१९७१) डोळ्यांवर पट्ट्या बांधून फळ्यावर लिहून दाखवीत आणि लोक थक्क होत. उलट अमेरिकेचे रिचर्ड टर्नर यांची दृष्टी वयाच्या नवव्या वर्षापासून क्षीण होत गेली. तरीही केवळ बोटांच्या जाणिवेवर त्यांनी पत्त्यांच्या हातचलाखीत जगभर नाव मिळविले. आपली ओळख अंधत्वाने नव्हे, तर कौशल्याने व्हावी, असा त्यांचा आग्रह राहिला. २०१७ च्या 'डेल्ट' या माहितीपटात त्यांचा हा प्रवास आहे.

'उदान' ग्रंथातील हत्ती आणि जन्मांध माणसे यांची कथा आपल्या विद्यालयात प्रत्येक पिढीने ऐकली आहे. कोणाला सोंड हाती लागली, कोणाला कान, कोणाला पाय. आणि भांडण जुंपले. ही कथा अपुऱ्या ज्ञानाच्या हट्टाविषयी आहे, हे आपण जाणतोच. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट आता जाणवते. त्या माणसांना प्रत्येकी एकच अवयव दाखविला गेला होता. संपूर्ण हत्तीभोवती हात फिरवू दिला असता, तर ते भांडले नसते. दृष्टिहीनांपुढे काही मांडताना आपण त्यांना किती भाग चाचपू देतो, ही जबाबदारी आपली आहे.

दुसऱ्या भेटीत एका मुलीने स्पंजचे रहस्य मुठीतच ओळखले. ती म्हणाली, "हे दोन आहेत." आम्ही ते मान्य केले आणि तिला तो प्रयोग शिकविला, नाण्यांचाही शिकविला. पुढील स्नेहसंमेलनात आमच्या निमंत्रणावरून ती आली. आमच्या विद्यार्थ्यांनी चार वेळा नाणी बदलून पाहिली आणि चारही वेळा तिने अचूक नाणे काढले. सभागृहातील एकालाही कारण सांगता आले नाही. तेव्हा आम्ही सर्व डोळे उघडे ठेवून पाहत होतो.