होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना

आष्टीच्या बाजाराची घाई मागे लावून जाऊ नका. पहिल्या भेटीत तास सहज जातो. झोप, तहान, घाम, चिडचिड, सगळं विचारतात. नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हणून भागत नाही. कोणत्या बाजूचं, उन्हानं की उपासानं, हे आठवून ठेवा. नगरला काढलेले रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बीपी-शुगरच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या साखरेच्याच असतात. ‘३० सी’ म्हणजे मूळ औषध शंभरपट, असं तीसदा पातळ केलेलं. त्यात त्याचा कणही उरत नाही, आणि गुण येतो याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही. छातीत कळ आली किंवा साप चावला, तर थेट सरकारी रुग्णालय गाठा.