लोकधोरणाचे अध्यापन (लेखांक ५) : बाधित कोण?

प्रश्नाची मांडणी हा लोकधोरणाच्या अभ्यासातला पहिला विषय, आणि प्रशिक्षणात सर्वांत घाईने उरकला जाणाराही तोच. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी म्हणून निवड झालेले उमेदवार परिविक्षा काळात पुण्याच्या ‘यशदा’ या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत येतात. जमीन महसूल संहिता, सेवा नियम, पंचायत राज हे सारे वर्गात शिकवता येते. कलमात न मावणारा माणूस ओळखायला मात्र खरे प्रकरण हाताळावे लागते. अशा अध्यापनात मूळ कागद काळाच्या क्रमाने वाचायला देतात. निर्णयाच्या प्रत्येक वळणावर थांबून, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरच प्रशिक्षणार्थ्याने आपला निर्णय लिहायचा असतो.

पनवेल-उरणच्या पट्ट्याइतके बोलके प्रकरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ या नगरनियोजन महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांचे क्षेत्र ठरले. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने झाले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना याच लढ्यातून आली. जमिनीच्या वाढत्या किमतीत शेतकऱ्याला वाटा देणारी ही कल्पना देशभर अभ्यासण्याजोगी आहे.

पण या योजनेचा पाया सातबाराच राहिला, आणि खाडीला सातबारा नसतो. मोरा बंदराच्या आसपासचे कोळी भरती-ओहोटीच्या पाण्यावर आणि चिखलावर जगत आले. जवाहरलाल नेहरू बंदरासाठी भराव पडला, कांदळवन गेले, होड्यांच्या वाटा बुजल्या, पण त्या पाण्यातला एक गुंठाही कोणाच्या नावावर नव्हता. म्हणून मासेमारीच्या या नुकसानीपुरती ही माणसे संपादनाच्या दप्तरात बाधित ठरली नाहीत. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा कोळीवाड्यांच्या दाव्यावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल दिला. १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये द्यावेत, असा तो आदेश होता. रकमेचा भार जवाहरलाल नेहरू बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांच्यावर ठेवला गेला.

वर्गात खरे काम इथून सुरू होते. १,६३० कुटुंबे कशी मोजायची? होडीची नोंदणी पाहिली तर होडीचा मालक सापडतो, तिच्यावरचा खलाशी सुटतो. मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदपत्रक पुढे नेते, पण ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, खेकडे, कालवे गोळा करणारी आणि बाजारात पाटी लावणारी बाई त्यातही नसते. शिधापत्रिका घर दाखवते, धंदा दाखवत नाही. प्रत्येक नोंदवही कोणाला वगळते हे प्रशिक्षणार्थ्याने कोळीवाड्यात बसून, माणसांशी बोलून, स्वतः मांडले पाहिजे. तेवढ्यासाठी जिल्ह्यातल्या संलग्न प्रशिक्षणाचे काही दिवस राखून ठेवणे अगदी योग्य ठरेल.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने व्याख्या रुंदावली. संपादनापूर्वी तीन वर्षे पाण्यावर उपजीविका असलेले मच्छीमार आणि नावाडी आता बाधित कुटुंबांत मोडतात. सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणीही त्यात आली. तरीही ही व्याख्या जमिनीच्या संपादनाला बांधलेली आहे. भराव सरकारी पाणथळीवर पडला आणि कोणाची जमीन घ्यावीच लागली नाही, तर हे संरक्षण लागू होईल का, हा प्रश्न उरतो. प्रशिक्षणार्थ्याला त्यावर दोन पानी टिपणी लिहायला सांगावी. संपादन नसतानाही उपजीविकेचे नुकसान मोजणारा नमुना-अर्ज कोणता असावा, त्यात कोणते पुरावे धरावेत आणि पडताळणी तलाठ्याने करावी की मत्स्यव्यवसाय विभागाने, हे त्या टिपणीत कारणांसह आले पाहिजे.