साठवणीचं धान्य आणि घरातलं औषध



पेसाह झाला की आपली धुतलेली कपाटं पुन्हा भरू लागतात. रामलेला किंवा अश्दोदला इंडियन दुकानात फेरी होते आणि बासमती, तूरडाळ, मसूर, रवा, मलिद्यासाठी पोहे, तिशा बेआवच्या बिरड्यासाठी वाल असं सगळं घरी येतं. नेमका तेव्हाच उन्हाळा लागतो, आणि उन्हाळा म्हणजे किड्यांचा हंगाम. दिमोना, बेरशेवाकडे हवा कोरडी तरी असते. अश्दोदसारख्या समुद्राकाठच्या गावी उकाडा आणि दमट हवा दोन्ही, तिथे रवा महिन्याभरात हलायला लागतो!

पहिली गोष्ट म्हणजे घ्यावं किती. कोकणात आपल्याकडे भात कणगीत असे, कडधान्याला राख चोळून ठेवत, वैशाखात सगळं उन्हात पडे. पण तेव्हा एका घरात दहा-बारा माणसं जेवायची. इथे दोघंच म्हातारे असतात आणि स्वस्त मिळालं म्हणून मुलगा 25 किलोचं पोतं आणून टाकतो. हिशोब करून पाहा. एका वेळेला दोघांचा मिळून 150 ग्राम तांदूळ लागतो. एकदाच भात खाल्ला तर 25 किलो साडेपाच महिने पुरतो. त्यात अख्खा उन्हाळा आला. त्यापेक्षा 5 किलो घ्या, महिन्याभरात संपवा, परत आणा. पांढरा तांदूळ नीट ठेवला तर खूप टिकतो, पण कोंड्यासकटचा ब्राऊन राईस आणि गव्हाचं जाडं पीठ यांत तेल असतं, ते खवट होतं. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांचंही तसंच, ती फ्रिजमध्येच बरी. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र धुऊन, भाजून खायचे नाहीत, सरळ टाकायचे. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. रवा, मैदा, शेवया पुरीमपर्यंत संपतील एवढ्याच घ्या. आणि हिंगाची डबी वाचून पाहा, बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, पेसाहला ते हामेत्सच.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. बंद पाकिटात किडा शिरतो कुठून? बऱ्याच वेळा तो शिरत नाही, आतच असतो. सोंडकिड्याची मादी तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. बाहेरून काही दिसत नाही. गरमीत महिन्याभरात आतून नवा किडा बाहेर. चवळी-मुगाचा किडा मात्र अंडी दाण्यावर चिकटवतो. भिंग घेऊन आजीच्या डब्यातली चवळी बघा. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर आजीला सांगा.

म्हणूनच तमालपत्र, कडुलिंबाचा पाला, लवंगा ठेवून पुरत नाही. ठेवायला हरकत नाही, पण दाण्याच्या आतलं अंडं त्याने मरत नाही. ते मरतं थंडीने. घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 डिग्री असतं, तिथे चार दिवस धान्य ठेवलं की अंडं, अळी, किडा सगळं संपतं. एक-एक किलोच्या पिशव्या करा, मोठ्या पिशवीच्या मधोमध थंडी उशिरा पोचते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरच्या हवेइतकी गरम होऊ द्या, नाही तर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. जुन्या डाळीवर नवी ओतू नका. आणि कश्रुतसाठी निवडणं, चाळणं आहेच, मेलेला किडाही ताटात नको.

आता औषधाबद्दल. मी बरीच वर्षं नर्स होते, म्हणून हे जरा जोराने सांगते. तांदळाला बोरिक पावडर चोळायची आपल्याकडे जुनी सवय आहे. धुतल्यावर जाते म्हणतात. पण ती पांढरी पूड डब्यात मीठ-साखरेसारखीच दिसते, आणि लहान मुलाच्या पोटात गेली तर विष आहे. पाऱ्याच्या टिकड्यांचंही नाव नको. सगळ्यांत वाईट त्या राखाडी गोळ्या, इंडियात गोदामात धान्याला लावतात त्या. कोणी बॅगेतून आणून दिल्या तरी घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्याला कधी लसणाचा, कधी सडक्या मासळीचा वास येतो, कधी कळतही नाही. त्यावर उतारा नाही. जानेवारी 2014 मध्ये यरुशलायीममध्ये एका घरात किडे मारायला ठेवलेल्या अशाच औषधाने दोन लहान बहिणी दगावल्या, त्यांचे भाऊ मरता मरता वाचले. ज्या खोलीत धान्य त्याच खोलीत सायरन झाल्यावर नातवंडं निजतात, हे लक्षात असू द्या. कोणाला उलट्या, डोकेदुखी, छातीत दडपण, धाप असं झालं आणि घरात असलं काही ठेवलेलं असेल, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. वास घेत शोधत बसू नका. औषधाचं नाव माहीत असेल तर फोनवर सांगा. हैफाच्या रामबाम हॉस्पिटलमध्ये विषबाधेचं माहिती केंद्र रात्रंदिवस चालू असतं.

ममादचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. जून 2025 च्या बारा दिवसांत बऱ्याच घरी डाळ-तांदूळ भरपूर होता. पण वीज किंवा गॅस गेला तर कच्च्या डाळीचं काय करणार? ममादमध्ये न शिजवता खाता येईल ते ठेवा: फुटाणे, चुरमुरे, खजूर, बिस्किटं, टुनाचे डबे आणि डबा उघडायची किल्ली. पाणी माणशी रोज 3 लिटर, निदान तीन दिवसांचं. पोहे इथेही कामाचे, नुसत्या पाण्यात भिजतात. वर थोडा गूळ घातला की पोटभर.

डब्यांवर नाव आणि आणल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि मराठीबरोबर हिब्रूतही लिहा. आपल्याला तूरडाळ वाचता येते, पण मेतापेलेतला किंवा नातीला आपला डबा उघडायची वेळ आली तर तिला ते कळलं पाहिजे.