काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि खिशातलं चुंबक

रत्नागिरीला सहलीला निघालात, तर पाण्याची बाटली आणि टोपी आई घेईलच. तुम्ही मात्र एक लोहचुंबक, कागदाचा तुकडा आणि अर्धं लिंबू घ्या. का, ते सांगते.

सकाळी उन्हाच्या आधी रत्नदुर्ग चढा. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला समुद्रात घुसलेला आहे, तीन बाजूंना पाणीच पाणी! भगवती देवीचं दर्शन घ्या आणि तटावरून खाली पाहा. एका बाजूच्या किनाऱ्याला रत्नागिरीकर ‘काळा समुद्र’ म्हणतात, तो मांडवीचा. दुसऱ्या बाजूचा ‘पांढरा समुद्र’, मिऱ्याकडचा. पाणी दोन्हीकडे एकाच अरबी समुद्राचं आहे. रंग आहे तो वाळूचा. मधे किल्ल्याची डोंगरसोंड आडवी आल्यामुळे एका बाजूची वाळू दुसरीकडे सहज जात नाही.

आता मांडवीला उतरा. चुंबक कागदात गुंडाळा आणि कोरड्या काळ्या वाळूतून फिरवा. बघा, काळे कण टुणकन उडून चिकटले! कागद सोडवला की ते खाली पडतात, म्हणून तर तो गुंडाळायचा. पटकन चिकटणारे हे कण मॅग्नेटाइटचे. बाकीच्या काळ्या कणांत इल्मेनाइट असतं. त्यात लोखंड आणि टायटॅनियम असतं, पण साध्या चुंबकाला ते फारशी दाद देत नाही.

हे कण आले कुठून? सह्याद्रीच्या काळ्या कातळातून. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि थिजला. पावसाने तो झिजला, आणि काजळीसारख्या नद्यांनी त्याचा चुरा समुद्रापर्यंत आणला. पुढचं काम लाटांचं. आजी सुपात तांदूळ पाखडते तेव्हा हलकं तूस उडून जातं आणि जड दाणे मागे राहतात ना, तसंच लाटा करतात. इल्मेनाइटचा कण तेवढ्याच आकाराच्या गारेच्या कणापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड असतो. हलके कण वाहून जातात, काळे तिथेच साठतात.

पांढऱ्या समुद्राकडची वाळू चिमूटभर हातावर घ्या आणि त्यातल्या शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आंबट रस पडला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. काळ्या कणांवर पिळून पाहा, ते ढिम्म बसून राहतील.

या काळ्या वाळूची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इंग्लंडमधली आहे. 1791 साली कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्रीबाबांना एका ओढ्यात अशीच काळी वाळू दिसली. तिच्यात त्यांना एक अनोळखी धातू सापडला. पुढे 1795 मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. आणि गंमत ऐका: या काळ्याकुट्ट इल्मेनाइटपासून जो टायटॅनियम डायऑक्साइड मिळतो, तो पांढराशुभ्र असतो! भिंतीच्या पांढऱ्या रंगात तो असतो, काही टूथपेस्टमध्येही.

दुपारी मत्स्यसंग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहा, लोकमान्य टिळकांचं जन्मघर पाहा आणि थिबा राजवाडाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून इथे ठेवलं होतं. 1910 साली बांधलेल्या या वाड्यात राहत असतानाच, 1916 मध्ये तो वारला. आपला देश पुन्हा न पाहताच.

प्रयोग मोठ्यांसोबत, ओहोटीच्या वेळी करा आणि वाळू किनाऱ्यावरच परत टाका. शंख उचलण्याआधी आत शंखखेकडा तर नाही ना, तेही बघा. रत्नागिरी लांब पडत असेल तर अडू नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच काळ्या कातळाचा आहे. तुमच्या गावच्या नदीच्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरवा आणि काय चिकटलं ते आम्हाला लिहून कळवा.