प्रोजेक्ट ‘फेज आउट’ होतोय, म्हणजे नवा टप्पा सुरू होतोय का?

वाघोलीत इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत आणि नगर रस्त्याने थोडं पुण्याकडे आलं की खराडीतल्या आयटी कंपन्या. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा या कॉलेजातून त्या कंपनीत पोहोचला, की तांत्रिक इंग्रजी त्याला सहसा अडत नाही. अडतं ते मीटिंगमधलं साधं वाटणारं इंग्रजी.

उदाहरणार्थ, ‘वी आर फेजिंग आउट धिस प्रोजेक्ट.’ पुण्यात ‘फेज’ म्हटलं की हिंजवडी फेज वन, टू, थ्री आठवतं, म्हणजे नवा टप्पा. प्रत्यक्षात वाक्याचा अर्थ उलटा आहे: प्रोजेक्ट हळूहळू बंद केला जातोय. ज्याला हे कळलं तो दुसऱ्या टीमसाठी प्रयत्न सुरू करतो, ज्याला नाही कळलं तो निवांत राहतो.

मग हे लक्षात कसं ठेवायचं?

‘बदलाबद्दलचे पन्नास वाक्प्रचार’ अशा याद्या पाठ करून फारसं काही राहत नाही. त्यापेक्षा क्रियापदाच्या शेपटीकडे बघावं. ‘आउट’ अनेकदा संपत जाणं दाखवतं: फेज आउट, फेड आउट, डाय आउट. ‘ओव्हर’ एकाकडून दुसऱ्याकडे नेतं: हँड ओव्हर, टेक ओव्हर, स्विच ओव्हर. ‘इन्टू’ रूपच पालटतं. 30 जून 2021 रोजी वाघोलीसह 23 गावं पुणे महापालिकेत आली. कारभार ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे गेला, तो झाला ‘टेक ओव्हर’. गावाचं उपनगर झालं, ते ‘टर्न इन्टू’.

मराठी माणसाला ही रचना वाटते तितकी परकी नाही. आपणही ‘बदलत जाणं’, ‘बदलून टाकणं’, ‘बदलून घेणं’ असंच बोलतो. मूळ क्रियापद तेच, पण पुढचा शब्द सगळा अर्थ फिरवतो. दुकानात ‘शर्ट बदलून द्या’ आणि ‘शर्ट बदलून टाका’ यातला फरक कोणी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेलं नसतं.

वाक्प्रचारांचं काय?

काहींना मराठीत तयार जोडीदार आहेत. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे मागचे पाढे पंचावन्न. ‘अ लेपर्ड कान्ट चेंज इट्स स्पॉट्स’ला आपल्याकडे कुत्र्याचं नळीत घातलेलं शेपूट आहे.

काही जोड्या मात्र फसव्या आहेत. ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’मधलं ‘लीफ’ झाडाचं नाही, वहीचं पान आहे. मराठीत दोन्हींना पानच म्हणतात, त्यामुळे इथवर सोपं जातं. पण हा वाक्प्रचार ‘कात टाकणं’ला पर्याय म्हणून वापरला की घोटाळा होतो. वाघोलीने कात टाकली, हे मराठीत कौतुक झालं. ‘न्यू लीफ’ मात्र वागणूक सुधारणाऱ्यासाठी वापरतात, म्हणजे आधीचं वागणं बरं नव्हतं हे त्यात गृहीत असतं. इंटरव्ह्यूमध्ये स्वतःबद्दल ते म्हणालात, तर समोरचा विचारात पडेल, आधी नेमकं काय केलं होतं?

आणि ‘चेंज’ म्हणजे सुट्टे पैसे, हे तर बसमध्ये रोज ऐकू येतं. ‘शॉर्टचेंज्ड’ त्यावरूनच आलाय: सुट्टे कमी परत मिळणं, म्हणजेच फसवलं जाणं. पगारवाढीच्या चर्चेत हा शब्द आला, तर कान टवकारावेत.