निरोप घ्या, पण हिशेब घेऊन

लेखमाला : नोकरी आणि आपण | भाग 9

वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ मिळतं, चार जण भाषण करतात, घरी सोडायला गाडी येते. तेवढीच वर्षं राबलेल्या दुसऱ्या माणसाला ‘तुमचं पद आता राहिलेलं नाही’ असं सांगितलं जातं आणि त्याचं ओळखपत्र त्याच संध्याकाळी गेटवर जमा करून घेतात. काम तेच, वर्षंही तितकीच. हा फरक मनाला फार लागतो आणि त्या लागलेल्या मनानंच माणसाला पुढच्या काही दिवसांत आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे कागद हाताळावे लागतात. नोकरी जाण्याची चिन्हं कशी ओळखायची, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज प्रत्यक्ष तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. 31 जानेवारी 2020 रोजी बीएसएनएलमधून 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. 2025च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12 हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील, असंही सांगितलं. या फळीत कोण असतं? दहा-वीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेली माणसं.

या भागात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. सभ्यपणे नोकरी सोडायची म्हणजे निमूटपणे सोडायची, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ‘ज्यांचं वीस वर्षं मीठ खाल्लं, त्यांच्याशी पैशावरून कसं बोलायचं?’ हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीचा पगार, कामगार कपातीची भरपाई ही कुणाची मेहेरबानी नाही. तुमच्या कामाचं ते राहिलेलं देणं आहे. ते लेखी मागा, आवाज न चढवता मागा आणि पै न पै मागा. यात उद्धटपणा कसलाही नाही.

भोसरीतल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. नोकरी 21 वर्षं 7 महिन्यांची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. समोर प्लांट हेड आणि एचआर मॅनेजर, टेबलावर दोन कागद. एक टाइप करून ठेवलेला राजीनामा. दुसऱ्यावर ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, कंपनीकडून माझं काहीही येणं नाही’ असा मजकूर. रक्कम कुठेच लिहिलेली नव्हती. ‘राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढे नोकरी मिळायला बरं पडेल,’ असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, ‘साहेब, याच्या प्रती द्या. घरी नीट वाचतो, उद्या लेखी उत्तर देतो.’

हे एक वाक्य प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. राजीनामा म्हणजे तुम्ही आपल्या मर्जीनं गेलात. कंपनीनं काढलं तर ती कामगार कपात आणि कायद्यात तिचे नियम वेगळे आहेत. एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. ही भरपाई ग्रॅच्युइटीशिवाय वेगळी असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही ही तरतूद कायम आहे आणि कपात झालेल्या कामगाराला 15 दिवसांच्या पगाराएवढी आणखी एक रक्कम, नवं कौशल्य शिकण्यासाठी, 45 दिवसांत देण्याची तरतूद आली आहे. राजीनाम्यावर सही केली की यातलं बहुतेक हातचं गेलं. ‘स्वच्छ रेकॉर्ड’ची भीतीही अनाठायी आहे. पद रद्द झाल्यानं नोकरी जाणं हा डाग नव्हे.

हे संरक्षण ‘कामगारा’ला आहे, व्यवस्थापकाला नाही, हे खरं. पण कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता, याला न्यायालयं महत्त्व देत आली आहेत. नावापुढे ‘सिनिअर एक्झिक्युटिव्ह’ आहे आणि हाताखाली एकही माणूस नाही, दिवसभर नोंदी ठेवणं हेच काम आहे, असे कितीतरी जण असतात. त्यांनी आपण कायद्याच्या बाहेर आहोत असं आधीच धरून चालू नये. जाणकार वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला नेमणूकपत्र दाखवावं. खरोखरच व्यवस्थापक असाल तर नेमणूकपत्रातला नोटिशीचा काळ हाच तुमचा आधार, आणि त्यापुढचं सगळं बोलणी करून मिळवायचं. कंपनीलाही वाद नको असतो, म्हणून बोलणी करायला जागा असते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र प्रत्येकानं स्वतः करावा. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. आमच्या स्टोअरच्या गृहस्थांचा हा पगार 39 हजार होता. 26 नं भागून 1,500, त्याचे 15 दिवसांचे 22,500. कंपनीनं 21 वर्षं धरून 4 लाख 72 हजार 500 रुपये काढले होते. पण सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, म्हणजे 22 वर्षं आणि 4 लाख 95 हजार. त्यांनी ओळीत हिशेब मांडून एक ईमेल पाठवला, खाली ‘कृपया तपासून कळवावे’ एवढंच लिहिलं. दुरुस्ती झाली. नव्या संहितेत मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवण्यालाही आळा बसला आहे. पगाराच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरला जातो. त्यामुळे तुमची ग्रॅच्युइटी जुन्या आकड्यापेक्षा जास्त निघू शकते.

मुदतीही लक्षात ठेवा. बाकी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. उशीर झाला तर ग्रॅच्युइटीवर व्याज मिळतं आणि कामगार आयुक्त कार्यालयात स्वतः अर्ज करता येतो. ग्रॅच्युइटी 20 लाखांपर्यंत करमुक्त आहे. शिल्लक रजेच्या पैशांवर पूर्वी फक्त 3 लाखांपर्यंत सूट होती. 2023 पासून ती 25 लाखांपर्यंत आहे. तरीही त्यातून कर कापलेला दिसला, तर कारण विचारा.

पीएफला घाईनं हात लावू नका. खात्यावर 58व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना पेन्शनचा हिस्सा एकरकमी उचलता येत नाही. 58व्या वर्षी पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे 4 टक्के कपात होऊन, आणि ती कपात कायमची. खरी अडचण निघते नावांत. जुन्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव संपूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. जन्मतारखेत फरक. कंपनीशी संबंध बरे आहेत तोवर ही दुरुस्ती करून घ्या, नंतर कंपनीच्या सहीसाठी हेलपाटे घालावे लागतात. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरली नाही, तर दोन महिन्यांनी ती ईपीएफओच्या संकेतस्थळावर आपली आपल्याला भरता येते.

कंपनीचा गट आरोग्यविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब असेल तर त्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करा. जुन्या आजारांसाठी थांबण्याचा जो काळ भरून झाला आहे, तो धरला जातो.

आता चार्ज देण्याबद्दल. ज्यांनी काढलं त्यांच्यासाठी आता कशाला मरायचं, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तरी चार्ज नीट द्या. त्या गृहस्थांनी शेवटच्या आठवड्यात हातानं लिहून चार पानं दिली. कुठल्या रॅकवरच्या बेअरिंगला पावसाळ्यात गंज धरतो, कुठला पुरवठादार चलनापेक्षा नग कमी पाठवतो, कुठला माल परत पाठवायचा राहिला आहे. चाव्या, फोन, ओळखपत्र यांची पोच सहीनिशी घेतली. हे त्यांनी मालकासाठी केलं नाही, जागेवर येणाऱ्या तरुण मुलासाठी केलं. आणि बाजारात हे कळतं. चार महिन्यांनी त्यांना काम मिळालं ते एका पुरवठादाराकडेच, थोड्या कमी पगारावर.

आपल्या पगारपावत्या, वेतनवाढीची पत्रं, फॉर्म 16 हे ईमेल बंद होण्याआधी काढून घ्या. कंपनीच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. ते उद्या तुमच्यावरच उलटेल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रागाचा एक शब्दही नको. निरोपाच्या दोन ओळी पुरतात : ‘आज माझा इथला शेवटचा दिवस. सर्वांच्या सोबतीबद्दल आभारी आहे. माझा नंबर हाच राहील.’ पुढच्या मुलाखतीतही उत्तर एवढंच : ‘पुनर्रचनेत माझं पद रद्द झालं.’ त्यापुढे लगेच आपल्या कामाबद्दल बोलायला लागा.

आणि घरी त्याच रात्री सांगा. नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन बाहेर पडणारी, दिवसभर बागेत किंवा ग्रंथालयात बसून संध्याकाळी परतणारी माणसं आपल्या शहरांत आहेत. त्यांची लाज समजते, पण त्या लाजेपायी महिने वाया जातात आणि हप्ते थकतात. गृहकर्जाचा हप्ता चुकायच्या आत बँकेत जाऊन बोललात तर मुदत वाढवण्यासारखे मार्ग निघू शकतात; चुकल्यावर बोलणी अवघड होतात.

ज्यांची नोकरी आज ठणठणीत आहे, त्यांनाही माझी विनंती आहे. या रविवारी तासभर काढून नेमणूकपत्र शोधा, पीएफच्या खाते क्रमांकावरचं (यूएएन) नाव आधारशी जुळतं का ते पाहा, वारसाची नोंद केली नसेल तर करा आणि आपली ग्रॅच्युइटी किती होते ते कागदावर मांडून घरच्यांना दाखवा. पुढच्या भागात पन्नाशीत नव्या मुलाखतीला कसं सामोरं जायचं, ते पाहू.