काळ्या कॅबिनेटवरील अक्षरे

वसतिगृहात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या पत्र्याच्या पेटीवर त्याचे नाव रंगवलेले असते. पेटी काळी किंवा गर्द हिरवी, म्हणून नाव पांढऱ्या नाहीतर पिवळ्या ऑइलपेंटने. गावातल्या पेंटरला हे कोणी शिकवावे लागत नाही. मात्र तोच विद्यार्थी पुढे नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी पॉवर सप्लाय तयार करतो, बाजारातून काळे कॅबिनेट आणतो आणि संगणकावर सुबक अक्षरे जुळवून ती छापायला घेतो, तेव्हा अडचण उभी राहते. कार्यालयातल्या साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. कागदाचा पांढरेपणा हीच त्याची पांढरी शाई. ही अडचण कशी ओलांडावी, ते येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रश्न केवळ शोभेचा नाही. पॉवर सप्लायच्या पोटात २३० व्होल्ट खेळत असतात आणि बाहेर १२ व्होल्टची जोडणी असते. सभागृहातल्या अॅम्प्लिफायरला मागे एकासारखी एक दिसणारी सॉकेटे असतात. एक माइकचे, दुसरे मोबाइल जोडण्याचे. त्यांवर वहीच्या कागदाचे तुकडे सेलोटेपने चिकटवण्याची पद्धत सर्वत्र आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला की टेपचा डिंक पाघळतो, पावसाळ्यात कागद सुटून कोपऱ्यात पडतो. मग कोणते बटण कशाचे, हे एकदोन मोठ्या मुलांनाच पाठ असते. ती मुले दहावी होऊन गेली की ते ज्ञानही त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. आम्ही इतिहास शिकवणारे. जे लिहून ठेवले नाही ते मोजक्यांच्या मालकीचे होते, हे आम्हाला निराळे सांगायला नको.

कागदाला टिकाऊ पर्याय म्हणजे डेकल. अनेक वाचकांच्या घरी जुने सिंगर शिलाई मशीन असेल. त्याच्या काळ्याभोर अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आणि कंपनीचे नाव हाताने रंगवलेले नसून डेकलने उतरवलेले असते व वर वार्निशचा थर दिलेला असतो. पाण्याने सुटणाऱ्या डेकलची रचना साधी आहे. खाली जाड कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर अत्यंत पातळ पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. कागद भिजला की डिंक सैल होतो आणि पापुद्रा अक्षरांसह सरकून निघतो. सुटी अक्षरे घासून उतरवण्याचे लेट्रासेटचे तक्ते १९६१ पासून बाजारात आले आणि इंग्रजी लेखनासाठी ते फार सोयीचे ठरले. देवनागरीत मात्र शिरोरेषा जुळवायची, वेलांटी नेमक्या जागी बसवायची, म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. संपूर्ण शब्द एकाच पापुद्र्यावर छापता येतो, म्हणून आपल्या लिपीला डेकल अधिक मानवते.

आता काळ्या रंगाकडे येऊ. सिंगरची सोनेरी शाई अपारदर्शक होती. खालचा काळा रंग तिच्यातून दिसत नसे. आपल्या प्रिंटरच्या रंगीत शाया काचेसारख्या असतात. पारदर्शक डेकलवर लाल अक्षरे छापून काळ्या डब्यावर लावली तर ती जवळजवळ दिसेनाशी होतात. पांढऱ्या पापुद्र्याचे डेकल कागद मिळतात. त्यांवर भोवतालची जमीन काळी छापावी आणि अक्षरांची जागा कोरी सोडावी, म्हणजे पांढरी अक्षरे उमटतात. पण छापलेला काळा आणि डब्याचा काळा क्वचितच जुळतात, शिवाय पट्टीची कापलेली कड पांढरी दिसते. कड काळ्या मार्करने झाकता येते. रंगातला फरक लपवण्याच्या खटाटोपात मात्र पडू नये. सरळ चौकट आखून ती पट्टी आहे असेच दिसू द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे कॅबिनेटवर फिकट पिवळा आयत रंगवून, तो पुरता वाळल्यावर, त्यावर पारदर्शक डेकलने काळी अक्षरे लावणे. आमचा कल याकडेच आहे. पिवळ्यावर काळे दुरूनही वाचता येते आणि पारदर्शक पापुद्रा पांढऱ्यापेक्षा पातळ असल्याने अधिक चांगला बसतो. एकाच नमुन्याचे पंचवीस-तीस डबे करायचे असतील, तर लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाणेच शहाणपणाचे.

खरी कसोटी खरबरीत पृष्ठभागाची. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्यावर किंवा दाणेदार प्लास्टिकवर बारीक उंचवटे व खळगे असतात. पापुद्रा उंचवट्यांवर टेकतो आणि खळग्यांत हवा अडकते. ती हवा प्रकाश विखुरते आणि अक्षरांभोवती चंदेरी धुके दिसू लागते. पांढऱ्या डब्यावर हे लक्षातही येत नाही. काळ्यावर ते पहिल्यांदा डोळ्यांत भरते. पुष्कळजण वरून आणखी लॅकर मारून ते झाकू पाहतात. दोष पापुद्र्याच्या खाली असल्याने वरच्या थराने तो जात नाही. उपाय आधीच करावा लागतो. जेथे अक्षरे येणार तेवढ्या भागावर चमकदार पारदर्शक लॅकरचे चार-पाच पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा, मग ६०० आणि त्यानंतर १००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे आणि पुन्हा एक चमकदार थर द्यावा. बोट फिरवल्यावर काचेसारखे लागले की पृष्ठभाग तयार झाला. दाणे फारच ठळक असतील तर हा खटाटोप सोडून अॅल्युमिनियमची सपाट पट्टी रंगवावी, तिच्यावर डेकल लावावे आणि ती स्क्रूने बसवावी. यात कमीपणा काही नाही.

सर्व भोके आधी पाडून घ्यावीत. डबा रिकामा असावा, आत सर्किट नको. इंकजेटवर छापले असेल तर शाई पाण्यात पसरते. म्हणून छपाई वाळल्यावर तिच्यावर लॅकरचे दोन-तीन हलके फवारे द्यावेत. लेझरच्या छपाईला याची गरज नसते, पण लेझरसाठी असलेलाच कागद वापरावा. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरच्या उष्णतेने वितळून यंत्र बिघडवू शकतो. पट्टी कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून बाहेर काढून ठेवावी. पापुद्रा पाण्यातच सुटून तरंगू देऊ नये, डिंक धुऊन जातो. डब्यावरची जागा ओली करावी, कागदावरून पापुद्रा तिच्यावर सरकवावा आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी काढावे. बुडबुडा राहिलाच तर सुईच्या टोकाने टोचून पाण्याने पातळ केलेल्या व्हिनेगरचा थेंब सोडावा; त्याने पापुद्रा थोडा मऊ पडतो. एक रात्र वाळू द्यावे, मग वरून लॅकरचे पातळ थर. पहिलाच फवारा जाड बसला तर पापुद्रा सुरकुततो. प्लास्टिकच्या डब्यावर लॅकर आधी तळाशी लावून पाहावे, कारण काही प्लास्टिकला त्यातील द्रावकाने चरे जातात.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी पुस्तकांत सापडत नाहीत. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड. ते वाळले की काळ्या रंगावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. दुसरी गोष्ट हवेची. श्रावणातल्या दमट हवेत लॅकरवर दुधी झाक येते. मेच्या उन्हात फवारा पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि भुकटीसारखा खरखरीत बसतो. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि तो प्रदर्शनांच्या वेळापत्रकाशीही जुळतो. फवारणी उघड्यावर, तोंडाला मास्क बांधून करावी. जवळपास चूल किंवा उदबत्ती नको.

धातूच्या कॅबिनेटबाबत एक गोष्ट मात्र पालकांनीही तपासावी. रंग आणि लॅकर दोन्ही वीजरोधक आहेत. अर्थिंगची तार ज्या स्क्रूखाली येते तेथला रंग खरवडून उघड्या धातूला तार घट्ट बसली पाहिजे. डबा कितीही सुंदर दिसो, ही जागा रंगलेली राहिली तर अर्थिंग नावापुरतेच राहते. स्क्रूशेजारी ‘अर्थ’ आणि झाकणावर ‘२३० व्होल्ट : वायर काढल्याशिवाय उघडू नये’ ही दोन डेकले सर्वांत आधी करावीत, आवाजाच्या आणि दिव्याच्या बटणांची नंतर. प्रत्येक पट्टीच्या दोन प्रती छापाव्यात आणि दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवावी, कारण दमटपणा लागला की डिंक आपोआप सैल होतो. पिशवीवर यंत्राचे नाव आणि वर्ष लिहावे.